किती अंशाला, आणि कुठे?

सहावी-सातवीच्या मुलांना विचारा, खोबरेल तेल स्थायू की द्रव? सगळा वर्ग एका सुरात ‘द्रव’ म्हणतो. डिसेंबरात सकाळी साताऱ्यात तीच बाटली उलटी धरली तर थेंब पडत नाही. सातारा-सांगलीकडच्या शाळांत विज्ञानाचे वर्ग घेताना मी सुरुवात इथूनच करतो. बाटली उन्हात ठेवायची, शेजारी तापमापी. २४-२५ अंशांच्या आसपास कडेचं तेल सुटतं आणि मधे पांढरा गड्डा उरतो. आता हे स्थायू की द्रव? ‘किती अंशाला?’ असं मुलांनी उलट विचारलं की माझं निम्मं काम झालं.

पुढचा प्रयोग उकळत्या पाण्याचा. तापमापी प्रयोगशाळेतली घ्या. तापाची ४२ अंशांपुढे जात नाही, फुटेल. पाण्याला उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवा, पारा जागचा हलत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. आणि पुस्तकातले १०० अंश? सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, तिथे पारा ९८च्या आसपास थांबतो. महाबळेश्वरला, तेराशे मीटरच्याही वर, ९५-९६वरच. वर हवेचा दाब कमी, म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो आणि कुकरशिवाय भागत नाही. पारा शंभरावर गेला नाही म्हणून प्रयोग फसला असं मुलाला सांगू नका.

किटलीच्या तोटीकडेही नीट पाहायला लावा. तोटीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरे लोट त्यापुढे सुरू होतात. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे. पांढरं दिसतं ते गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. थंडगार पळी तिथे मोठ्यांनीच धरावी. ती लगेच ओली होते.

पाण्यात साखर असली की हिशेब बदलतो. कराडकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत जातो तसा उकळायचा अंशही चढतो आणि गूळ उतरवताना सुमारे ११८पर्यंत पोचतो. गुळव्या तापमापी लावत नाही. चिमूटभर पाक गार पाण्यात टाकतो आणि गोळी वळते का बघतो. मुलांना हे बघायला जरूर न्या, पण काहिलीपासून लांब उभं करा. पाक चिकटून भाजतो.

पाणी उडायला उकळावंच लागतं असंही नाही. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये चूल नसते, तरी साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सालीवरचा मेणाचा थर पाणी अडवतो, म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवतात. घरी दोन बशा पुरेत. एकीतली द्राक्षं अर्धा मिनिट कढत पाण्यात बुडवून काढायची, दुसरीतली तशीच ठेवायची आणि रोज वजन लिहायचं. इंटरनेटवरच्या प्रयोगांपेक्षा मला ही वजनांची वही मोलाची वाटते.

कापराचा प्रयोग मुद्दाम शेवटी ठेवला आहे. डबीतला कापूर न वितळताच उडून जातो. सोबत मिरी ठेवली तर उडत नाही, असं घरोघरी सांगतात. येत्या लक्ष्मीपूजनाला एकसारख्या दोन डब्यांत सारखाच कापूर भरा, एकीत चार मिरे टाका आणि महिन्याने दोन्हींतला कापूर बारीक काट्यावर तोला. तोवर आजीशी वाद घालू नका.