मामाचा मान

गेल्या माघांत विलायतेंत स्थायिक झालेला आमचा भाचा सहकुटुंब आला व 'मामा, एक दिवस सर्वजण कोठें तरी जाऊं', असें म्हणाला. आम्हीं उमरठ सुचविलें. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस सिंहगडचा धडा शिकविला; परंतु पोलादपूर तालुक्यांतील हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव मात्र कधीं पाहिलें नव्हतें!

पोलादपूर मागें टाकून, सह्याद्रीच्या कुशींतील वळणें घेत आम्ही समाधीपाशीं पोंचलों. १६७० च्या फेब्रुवारींत कोंढाण्यावर तानाजी पडले. त्यांचा देह मढेघाटानें येथें आणल्याचें सांगतात. हें सारें आम्ही गुरुजींच्या थाटांत भाचेसुनेस सांगूं लागलों. येथें शेलारमामांचीही समाधि आहे. 'हे मामा कोण?' तिनें विचारलें.

'आले भाच्याच्या मुलाच्या लग्नाला. पण भाचा मोहिमेवर निघाला, तेव्हां ऐंशी वर्षांचे हे मामा त्याच्यासंगें गड चढले, असें पोवाडे सांगतात,' एवढें बोललों मात्र, आणि आमचा कंठ दाटला. कारण हीच मुलगी जातीबाहेरची म्हणून याच भाच्याच्या लग्नास आम्ही गेलों नव्हतों!

उभयतां कांहींच बोललीं नाहींत. तिनें वाकून नमस्कार केला. 'मुली, त्या दिवशीं नाकारलेला मामाचा मान आज मागून घेतों,' एवढेंच आम्हांस म्हणतां आलें.

वाचकहो, मान देणारीं माणसें वाट पाहत आहेत, तोंवरच तो घ्यावा.