पंचवीस शब्दांचं पत्र

कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला काय काय आठवतं? तांबडा-पांढरा रस्सा, चपला, कुस्तीचे आखाडे, रंकाळा... यादी लांबतच जाईल. पण मित्रांनो, कोल्हापूरपासून सुमारे सहा हजार किलोमीटर दूर, पोलंड देशाच्या राजधानीत एका स्मारकावर कोल्हापूरचं नाव आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? वॉर्सा हे त्या शहराचं नाव. तिथले लोक मात्र त्याला 'वारशावा' म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मी आणि माझी जिवलग मैत्रीण तिथं तीन दिवस भटकून आलो. त्या भटकंतीची ही हकिकत.

'माझं नाव छापलंस तर बघ!' अशी मैत्रिणीची सक्त ताकीद आहे. म्हणून आपण तिला नुसतं सखी म्हणू या. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. पुढे शिकायला जर्मनीत आलो, तेही बरोबरच. बर्लिनमध्ये एकाच खोलीत राहिलो, एकाच कुकरमध्ये भात लावला. पण सखीचं शिक्षण माझ्याआधी संपलं आणि तिनं कायमचं घरी परतायचं ठरवलं. माझी अजून दोन वर्षं बाकी होती. निघण्याआधी दोघींनी मिळून एक छोटी सहल करायची, एवढं नक्की झालं.

मी म्हटलं, "पॅरिसला जाऊ."

सखी म्हणाली, "आयफेल टॉवर कुठं पळून चाललाय काय? मी वॉर्सालाच जाणार. थोरल्या आजीला तसं सांगून आलोय."

(हसू नका हं. आम्ही कोल्हापूरच्या मुली बोलताना 'आलो', 'गेलो' असंच म्हणतो!)

थोरली आजी म्हणजे सखीच्या आजीची मोठी बहीण. वय वर्षं एकोणनव्वद. तिचं माहेर वळिवड्याचं. तिचे वडील माळवं विकायला गावाशेजारच्या छावणीत जायचे आणि पाटी धरायला ही चिमुरडी बरोबर असायची. त्या छावणीत राहत होती पोलंडची माणसं.

आता ही पोलंडची माणसं कोल्हापूरजवळ कशी पोचली? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध पेटलं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरातून उठवून, आगगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानला धाडलं गेलं. थंडीनं, भुकेनं, आजारानं कितीतरी माणसं दगावली. १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावरच चाल केली, तेव्हा यातल्या बऱ्याच जणांची सुटका झाली. ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यातली हजारो बायका-मुलं हिंदुस्थानात आली. गुजरातेत नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना बालाचडीला आसरा दिला, तर १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला सुमारे पाच हजार माणसांचं छोटं पोलिश गावच वसलं होतं. तिथं त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकंसुद्धा व्हायची. आज जिथं गांधीनगरचं कापड मार्केट गजबजलेलं असतं, त्याच परिसरात.

छावणीतल्या एका मुलीशी थोरल्या आजीची गट्टी जमली होती. तिचं नाव काही आजीला उच्चारता यायचं नाही, म्हणून आजी तिला 'भुरी' म्हणायची. भुऱ्या केसांची भुरी! भाषा एकमेकींची येत नव्हती, पण चिंचा दोघींना आवडायच्या. एक दिवस भुरी गेली. त्यानंतर पत्र नाही की निरोप नाही. सखी जर्मनीला निघाली तेव्हा आजी म्हणाली होती, "त्या देशात गेलीस तर भुरीचं गाव बगून ये गं."

अशा रीतीनं एका शुक्रवारी दुपारी आम्ही बर्लिनहून आगगाडीत बसलो. शिदोरी म्हणून मेथीचे ठेपले होते. सहाएक तासांचा प्रवास. दोन देशांची सरहद्द म्हणजे काहीतरी भव्य दिसेल असं मला वाटलं होतं. पण एक नदी मागे गेली आणि 'पोलंडमध्ये आपले स्वागत आहे' असा मोबाइलवर मेसेज आला, बस्स!

वॉर्साच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की समोर एक अगडबंब इमारत उभी असते. हा 'संस्कृती आणि विज्ञान प्रासाद'. बेचाळीस मजले, उंची २३७ मीटर. सोव्हिएत संघानं पोलंडला दिलेली ही 'भेट' १९५५ मध्ये पूर्ण झाली. भेट इतकी मोठी, की आवडली नाही तरी कपाटात लपवता येत नाही!

पोटात कावळे कोकलत होते. पोलंडमध्ये 'मिल्क बार' नावाची साधी, स्वस्त खाणावळ असते. आपल्याकडच्या झुणका-भाकर केंद्राची बहीणच म्हणा ना. तिथं आम्ही 'पिएरोगी' घेतले. करंजीसारखा आकार, पण उकडलेले. आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. सखीनं एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि पिशवीतून लसणीच्या चटणीची पुडी काढली. "आता नाद खुळा लागतंय बघ," ती म्हणाली. वाढणाऱ्या बाईंना आम्ही 'जेन्कुये' म्हटलं. म्हणजे 'धन्यवाद'. आमचा उच्चार ऐकून त्या मनापासून हसल्या.

शनिवारी सकाळी आम्ही 'जुन्या गावात' गेलो. दगडी फरसबंदीचा चौक, चारही बाजूंना पिवळी, गुलाबी, हिरवट घरं, मध्ये हातात तलवार आणि ढाल घेतलेली जलपरी. ती वॉर्साची खूण. घरं तीन-चारशे वर्षांची वाटतात. पण गंमत म्हणजे त्यातली बहुतेक आपल्या आजी-आजोबांच्या वयाची आहेत!

गंमत म्हटलं खरं, पण त्यामागची हकिकत गमतीची नाही. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. ते ६३ दिवस लढले आणि हरले. दीड लाखाहून जास्त नागरिक मारले गेले. नंतर जर्मन सैन्यानं उरलेलं शहर रस्त्यामागून रस्ता असं ठरवून जाळलं, सुरुंग लावून पाडलं. युद्ध संपलं तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग उद्ध्वस्त झाला होता.

मग लोकांनी काय केलं? हुबेहूब पहिल्यासारखं गाव पुन्हा बांधलं. पण पहिलं कसं होतं ते कळणार कसं? इथं उपयोगी पडली चित्रं. बर्नार्दो बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकारानं १७७० नंतरच्या दहा वर्षांत पोलंडच्या राजासाठी वॉर्साचे रस्ते, राजवाडे, चर्च बारकाईनं रंगवून ठेवले होते. शिवाय शत्रूच्या राजवटीतही वास्तुशास्त्राच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींचे नकाशे जपले, लपवून ठेवले. ते पाहून, ढिगाऱ्यातल्या विटा वापरून, हे गाव उभं राहिलं. राजवाडा तर १९७१ मध्ये बांधायला घेतला. आणि १९८० मध्ये युनेस्कोनं या 'नव्या' जुन्या गावाला जागतिक वारशाचा मान दिला.

बेलोत्तोची ती चित्रं आज राजवाड्यात लावलेली आहेत. सखी एका चित्रासमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, "कुणीतरी नीट बघून ठेवलं होतं, म्हणून पुन्हा बांधता आलं, नाही?"

गावाच्या जुन्या तटाला टेकून एका मुलाचा पुतळा आहे. डोक्यावर इतकं मोठं हेल्मेट, की ते डोळ्यांवर आलंय. पायांतले बूटही मापाचे नाहीत. हा 'छोटा बंडखोर'. उठावाच्या दिवसांत तुमच्याएवढ्या मुलांनी केलेल्या कामाची ही आठवण, १९८३ मध्ये उभारलेली. पोलिश स्काउट मुलांनी त्या वेळी चक्क टपालखातं चालवलं होतं! शहराचे भाग एकमेकांपासून तुटले होते. आई एका भागात, मुलगा दुसऱ्या भागात. बारा ते पंधरा वर्षांची मुलं गोळीबारातून, ढिगाऱ्यांतून, कधी गटारांमधूनसुद्धा पत्रं पोचवत. पत्राला पैसे पडत नसत. अट एकच होती, मजकूर पंचवीस शब्दांपेक्षा जास्त नको.

पंचवीस शब्द! आम्ही दोघी तिथंच बाकावर बसून बोटं मोजू लागलो. पंचवीस शब्दांत काय मावतं? 'मी जिवंत आहे' हे तीनच शब्द. उरलेल्या बावीस शब्दांत त्या मुलांच्या आयांनी काय लिहिलं असेल?

संध्याकाळी मुक्कामाकडे परतताना प्रासादाजवळच्या बागेत आणखी एक स्मारक दिसलं. मुलांच्या घोळक्यात उभे असलेले यानुश कोर्चाक. हे डॉक्टर होते, लेखक होते आणि ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवत. १९२६ मध्ये त्यांनी 'माऊई प्शेग्लोंद' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्यात लिहायची ती मुलंच! गावोगावहून मुलं पत्रं पाठवत आणि ती छापली जात. म्हणजे तुम्ही हातात धरलेल्या या साप्ताहिकाचं ते जुनं भावंडच.

पुढे जर्मनांनी वॉर्साच्या ज्यू लोकांना उंच भिंतीच्या आत कोंडलं. कोर्चाक आणि त्यांची मुलंही त्यात होती. बाहेर जाता येईना, पोटभर खायला मिळेना. अशा वेळी १८ जुलै १९४२ रोजी या मुलांनी एक नाटक बसवलं. कोणतं, सांगा पाहू? आपल्या रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर'! खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती गोष्ट. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सुमारे दोनशे मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेलं गेलं. कोर्चाक यांना स्वतःला वाचवता आलं असतं. पण त्यांनी मुलांचा हात सोडला नाही. ते त्यांच्याबरोबर गेले.

आम्ही बराच वेळ काहीच बोललो नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर सखी एकदम म्हणाली, "ए, आपलंबी भुरीसारखं होईल काय गं? मी तिकडं, तू हिकडं. पहिल्यांदा रोज फोन, मग आठवड्यानं, मग दिवाळीला."

मला 'छे, काहीतरीच' म्हणता आलं असतं. पण हीच भीती मलाही महिनाभर वाटत होती. मी म्हटलं, "होऊ शकतं." आणि का कोण जाणे, खरं बोलल्यावर दोघींनाही गाढ झोप लागली.

रविवार आम्ही आजीसाठी राखून ठेवला होता. जुन्या गावापासून थोडं चाललं की मोन्ते कासिनोच्या लढाईचं मोठं स्मारक लागतं. त्याच्याजवळ आहे वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक. भारताच्या पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये या ठिकाणी फुलं वाहिली, तेव्हा ते आपल्याकडच्या बातम्यांत झळकलं होतं. परक्या लिपीत 'कोल्हापूर' वाचलं आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. तिथं झाडांची पिवळी पानं पडली होती. सखीनं ती हातानं बाजूला केली आणि कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला.

पण एक अवघड गोष्ट आजीला सांगायची होती. वळिवड्याला आलेली बहुतेक माणसं वॉर्साची नव्हतीच. ती पूर्व पोलंडची. आणि युद्धानंतर तो भाग पोलंडच्या हातून गेला. आज तो युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे. म्हणून छावणी मोडली तेव्हा अनेकांना परत जायला घरच नव्हतं. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला, थोडे पोलंडला.

सखीनं काही न लपवता सगळं सांगितलं. "आजी, भुरीचं गाव काय घावलं नाही गं. ती कुठं गेली तेबी कळत नाही."

पडद्यावर आजीचा सुरकुतलेला चेहरा बराच वेळ हलला नाही. मग ती म्हणाली, "कुठं का असंना. तिथं आपल्या गावाचं नाव लिवलंय न्हवं? मग ती माणसं इसरली न्हाईत. मीबी इसरलो न्हाई. बास झालं." आणि मग हसून, अगदी स्पष्ट, ती एक शब्द बोलली, "जेन्कुये." ऐंशी वर्षांपूर्वी शिकलेला!

परतीच्या गाडीत आम्ही एक नियम केला. रोजचे फोन होवोत न होवोत, दर रविवारी एकमेकींना एक पत्र. कागदावर, पेनानं. पंचवीस शब्द, एकही जास्त नाही. व्याप कितीही असले तरी पंचवीस शब्दांना वेळ नाही, असं कुणालाच म्हणता येणार नाही.

तुमचाही कुणी मित्र शाळा बदलून गेला असेल, कुणाच्या बाबांची बदली झाली असेल. करून पाहा हा खेळ. आणि घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या लहानपणी कोण हरवलं होतं, तेही विचारा. कोल्हापूरला गेलात तर महावीर उद्यानात पोलिश पाहुण्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, तो जरूर बघा.

सखीच्या परवानगीनं तिचं एक पत्र इथं देते:

'आज आजीला घेऊन वळिवड्याला गेलो. छावणीच्या जागी आता दुकानंच दुकानं. आजी तिथल्या पोरींना भुरीची गोष्ट सांगत बसली. मी इथं, तू तिथं, बाक मात्र अजून एकच!'

मोजून बघा. बरोबर पंचवीस आहेत.