चाळिशीचा नेम

पैलवानाचे वय हा विषय कोल्हापुरात पूर्वीपासून चहाबरोबर चघळला जातो. पंचविशीपर्यंत तो 'तयारीचा', तिशीला 'अनुभवी', आणि त्यानंतर एखादी कुस्ती लांबली, की 'दम राहिला नाही' हे तीन शब्द त्याच्या पाठीमागे गावभर फिरतात. खासबाग मैदानात हजारो माणसे बसतात. त्यांतली निम्मी तरी या बाबतीत तज्ज्ञ असतात.

अलीकडे हा वाद आमच्या दिवाणखान्यात शिरला आहे, आणि त्याचे निमित्त कुस्ती नसून टेनिस आहे. २०२४ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जोकोविच कोवळ्या अल्काराझकडून सरळ हरला, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी निकाल देऊन टाकला, "बाबा, यानं आता थांबायला हवं." तीनच आठवड्यांनी त्याच जोकोविचने त्याच अल्काराझला पॅरिसमध्ये हरवून, वयाच्या ३७ व्या वर्षी, ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मिळवले. चिरंजीव म्हणाले, "आता तर थांबायलाच हवं!" म्हणजे हरला तरी थांबा आणि जिंकला तरी थांबा. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अरे, मग त्यानं खेळायचं तरी केव्हा?"

मी काही टेनिसमधला जाणकार नव्हे. पण या प्रश्नासाठी विम्बल्डनला जाण्याचेही कारण नाही. आमच्या गावची तेजस्विनी सावंत आहे ना! (एकेरीत लिहितो आहे, तो गाववाल्याचा हक्क समजावा.) २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. २०१० मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, म्युनिचला ५० मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथे झोपून करायच्या नेमबाजीत, ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि ती जगज्जेती झाली. नेमबाजीत हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. गंमत अशी, की ज्या प्रकारात ती जगात पहिली आली, तो महिलांसाठी ऑलिम्पिकमध्ये नाहीच! तिथे जायचे तर गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून, अशा तिन्ही तऱ्हांनी नेम धरता यायला हवा. म्हणजे जगज्जेतीने पुन्हा रांगेत उभे राहायचे, आणि पुढे मागे सगळी पंचविशीतली मुले-मुली.

बंदूक हातात धरून उभे राहण्यात वयाचा काय संबंध, असे वाटेल. मलाही वाटत असे. पण ५० मीटरांवरच्या त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम शर्टाच्या बटणाएवढे असते. जाडजूड जाकीट घालून, श्वास अर्धवट सोडून, छातीचे ठोके सांभाळत चाप ओढायचा. आणि हे एकदा नव्हे. टोकियोत महिलांना असे १२० नेम पावणेतीन तासांत धरायचे होते. गुडघा आणि कंबर यांचे म्हणणे चाळिशीत वेगळे पडते. डोळ्यांचे तर विचारूच नका. आपण चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो ते उगाच नव्हे. त्या वयात जवळचे धूसर होते, आणि नेमबाजाला दूरच्या लक्ष्याइतकीच बंदुकीच्या टोकाची माशीही महत्त्वाची. एक गोष्ट मात्र वयाबरोबर वाढते, ती म्हणजे घाई न करण्याची अक्कल. या खेळात तिला पुष्कळ भाव आहे.

म्हणून तर २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला, ३७ व्या वर्षी, तिने या तीन तऱ्हांच्या स्पर्धेत राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले. रौप्यपदक घेणारी अंजुम मुदगिल तेव्हा २४ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी दोहाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने टोकियोची जागा मिळवली. साथीमुळे ऑलिम्पिक वर्षभर लांबले. नेमबाजीतले ते एक वर्ष आपल्याला क्षुल्लक वाटते. एकोणचाळीस आणि चाळीस यांत किती अंतर आहे, ते चाळिशी गाठणाऱ्यालाच ठाऊक. २०२१ मध्ये ती आयुष्यातले पहिले ऑलिम्पिक खेळली, आणि ३३ वी आली. अंजुम १५ वी होती.

३३ हा आकडा लपवण्याचे कारण नाही. वय शेवटी वसुली करतेच. टेनिसमध्ये केन रोजवॉल १९५४ साली, १९ व्या वर्षी, विम्बल्डनच्या अंतिम फेरीत गेला होता. वीस वर्षांनी, १९७४ मध्ये, ३९ व्या वर्षी तो पुन्हा तिथे पोहोचला, आणि २१ वर्षांच्या कॉनर्सने त्याची अक्षरशः धूळधाण केली. विम्बल्डनची एकेरी त्याला कधीच मिळाली नाही. पण अंतिम फेरीपर्यंतची माणसे त्याने हरवलीच होती की! ती काय कोणी त्याच्या वयाकडे पाहून सोडून दिली होती?

माझा थोरला भाऊ कुस्ती करी. मोठे नाव नव्हे, पण चार जत्रांत मानाने बोलावणे यायचे. एकतिसाव्या वर्षी एका बावीस वर्षांच्या पोराशी त्याची जोड ठरत आली होती. तालमीतले म्हणाले, "इज्जतीत हाय तवर लंगोट खुंटीला लाव." वडिलांनाही तेच वाटे. दादाने ऐकले. सगळ्यांनी शहाणपणाची वाखाणणी केली, घरी पेढे वाटले. त्यानंतर चाळीसएक वर्षे त्या पोराचे नाव कुठे निघाले, की दादा पानाला चुना लावता लावता थांबायचा. "मी पडलो असतो रं बहुतेक," म्हणायचा. आणि मग हळूच, "पर बहुतेकच न्हवं?"

टोकियोच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडेच होता. चिरंजीवांनी जरा हिरमुसूनच सांगितले, "काका, तेहतिसावी आली."

"म्हंजे गेली, खेळली आनि बघून आली," दादा म्हणाला. मग चष्मा मागून त्याने पेपर घेतला, आणि गुडघ्यावर किती, झोपून किती, उभ्याने किती, ते आकडे शोधत बसला.