पहिले चार सामने

आमच्या लहानपणीं पाडव्याच्या दिवशीं गुढी उभारून झाली कीं वडील नवें पंचांग उघडीत आणि संवत्सरफल मोठ्यानें वाचून दाखवीत. वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, कोणत्या नक्षत्राचें वाहन बेडूक आणि कोणत्याचें उंदीर, हें सर्व आम्ही कडुनिंबाचा पाला तोंडांत धरून ऐकत असूं. आमच्या घरीं शेताचा एक वाफाहि नव्हता. तरीहि मृग कोरडा जाणार असें निघालें म्हणजे आई उसासा टाकी. पाऊस पुढें स्वतःच्या मर्जीप्रमाणें पडे, आणि पुढच्या पाडव्याला वडील तितक्याच विश्वासानें पुनः पंचांग उघडीत.

हें आठवण्याचें कारण असें कीं, अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत ॲन आर्बर नांवाच्या विद्यापीठाच्या गांवीं आम्ही १९९६ पासून राहत आहों, आणि येथेंहि दरवर्षीं असेंच एक संवत्सरफल वाचलें जातें. तें ऑगस्टांत वाचतात, आणि त्यांत पावसाच्या जागीं विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ असतो. येथला फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, हें वाचकांस ठाऊक असेलच. चेंडू लांबट, पायापेक्षां हातांतच अधिक वावरणारा. अकरा अकरा गडी एडक्यांसारखे एकमेकांवर आदळतात, आणि दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं त्यांना चार प्रयत्न मिळतात. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत बहुतेक शनिवारीं सामने, एकूण बारा. खेळणारे विद्यार्थी, पण १९२७ सालीं बांधलेल्या येथल्या क्रीडांगणांत १,०७,६०१ माणसें बसतात. गांवाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे आजारी, अर्भकें आणि संन्यस्त वृत्तीचे लोक वगळले तर अख्खें गांव त्यांत मावावें.

आमचे शेजारी निवृत्त गणितशिक्षक आहेत. घरांत आम्ही त्यांना मास्तर म्हणतों. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारीं संध्याकाळीं त्यांच्या मोटारखान्यांत घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात. मास्तर, त्यांचे जांवई, आमच्या आळीला पत्रें वांटणारे टपालवाले आणि आम्ही, अशी ही चौघांची सभा. रेघांच्या एका कागदावर प्रत्येकानें पहिल्या चार सामन्यांचे निकाल लिहावयाचे. चारच कां, असें आम्हीं पहिल्या वर्षीं विचारलें. चारांपुढचें सांगणें हें गणित नव्हे, गप्पा आहेत, असें मास्तरांचें उत्तर.

वस्तुतः पहिल्या चारांचेंहि गणित सोपें नाहीं. मोठीं विद्यापीठें आरंभीं एखाद्या लहान संघाला घसघशीत बिदागी देऊन घरीं बोलावतात आणि त्याला बदडून काढतात. त्यावरून आपल्या संघाची ताकद ओळखणें म्हणजे तंबोरे जुळवितांना ऐकून गवयाची पारख करण्यासारखें आहे. शिवाय गडी दरवर्षीं बदलणार. पूर्वीं एकदां आलेला मुलगा बहुधा तीनचार वर्षें टिके; २०२१ पासून एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाऊन लागलीच खेळण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षीं स्वतःच्या नांवावर पैसे मिळविण्याचीहि, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठें त्यांना उघडपणें पैसे देऊं लागलीं. टपालवाल्यांना याचें फार दुःख. आम्हांस तितकें वाटत नाहीं. आम्ही स्वतःच चार पैसे अधिक मिळाले म्हणून पुणें सोडून आलेले.

परंतु आम्हांला अडचण पडे ती निराळीच. पहिलीं कांहीं वर्षें आम्ही मास्तरांना "तुमचा संघ यंदा कसा आहे?" असें विचारीत असूं. ते म्हणत, "वी लुक गुड." आतां या 'वी'चें मराठी काय करावें? इंग्रजीला तेवढ्या एका शब्दावर भागवितां येतें. आपल्याकडे मात्र 'आम्ही' म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहिला, आणि 'आपण' म्हटलें कीं तो घरांत आला. मास्तरांच्या 'वी'मध्यें आम्ही धरलेलों होतों कीं नव्हतों, हें त्यांना विचारण्याची सोय नव्हती. कारण हा प्रश्न त्यांच्या भाषेंत नीटसा विचारतांच येत नाहीं.

२००७ सालीं आमची मुलगी येथल्याच विद्यापीठांत दाखल झाली. त्या वर्षीं आमचा संघ देशांत पांचवा मानला गेला होता, आणि १ सप्टेंबरला पहिला सामना उत्तर कॅरोलिनांतील ॲपालॅचियन स्टेट या खालच्या वर्गांतल्या संघाशीं होता. तो त्याच्या वर्गाचा विजेता होता खरा. पण कागदावर चौघांनींहि मोठाले विजय मांडून ठेवले होते. मास्तरांनीं आम्हांला बरोबर नेलें. मुलगी विद्यार्थ्यांच्या सज्जांत कोठें तरी होती. पाहुण्यांचे गडी मासोळीसारखे निसटत होते. शेवटच्या काही सेकंदांत ३४ विरुद्ध ३२ अशी स्थिति असतां आमच्या खेळाडूनें विजयासाठीं मारलेला चेंडू पाहुण्यांनीं हातांनीं अडविला. एक लाखाहून अधिक माणसें मुकीं झालेलीं आम्हीं त्या दिवशीं पाहिलीं.

घरीं आलों. सौभाग्यवतींनीं दारांतच विचारलें, "काय झालें?"

"आपण हरलों," आम्ही म्हणालों.

त्यांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें. "आपण म्हणजे कोण?"

प्रश्न साधा होता, आणि आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. दरवर्षीं पाडव्याला आम्ही आणखी एक भाकीत करीत असूं: दोन वर्षांत परत जाऊं. मुलीची शाळा संपली कीं जाऊं, तिचें कॉलेज मार्गी लागलें कीं जाऊं. येथल्या नागरिकत्वाचा अर्ज सहा महिने खणांत पडून होता. तो भरला म्हणजे भारताचें नागरिकत्व सुटतें, म्हणून त्याला हात लावण्याचें धाडस दोघांनाहि होत नव्हतें. त्यांना तो खण आठवला होता, आणि त्यांच्या मागोमाग आम्हांलाहि.

पुढच्या शनिवारीं ओरेगनकडून ३९–७ असा मार बसला. मास्तरांनीं कागद फाडला नाहीं. मोटारखान्यांत तो तसाच टांगून ठेविला. त्यानंतर संघानें ओळीनें आठ सामने जिंकले, आणि १ जानेवारी २००८ ला फ्लॉरिडाला ४१–३५ असें हरविलें. अर्ज आम्हीं त्या वसंतांत भरला. त्याचा फुटबॉलशीं संबंध होता असें म्हणणें हास्यास्पद होईल, आणि मुळींच नव्हता म्हणावें तर जीभ अडखळते.

२०२५ च्या ऑगस्टांतली सभा विशेष रंगली. शेजारच्याच बेलव्हिल गांवचा ब्राइस अंडरवुड हा मुलगा त्या वर्षीं आला होता. शाळा सोडून कॉलेजांत येणाऱ्या देशांतील सर्व खेळाडूंत पहिला गणला गेलेला, आणि त्याच महिन्यांत अठरा वर्षें पुरीं करणारा. क्वार्टरबॅकची, म्हणजे सबंध डाव चालविणाऱ्याची, जागा त्याला देतील कीं नाहीं हें अजून जाहीर झालें नव्हतें. पहिला सामना न्यू मेक्सिकोशीं घरींच. पण दुसऱ्याच आठवड्यांत ओक्लाहोमाच्या नॉर्मन गांवीं, ऐंशी हजार परक्यांच्या ओरड्यांत. मास्तर म्हणाले, ओरड्याला कोवळा पोर काय करणार? त्यांनीं जय, पराजय, जय, पराजय असें लिहिलें. जांवई आणि टपालवाले यांनींहि नॉर्मनला हारच धरली. आम्हीं चारहि विजय लिहिले. टपालवाल्यांनीं कारण विचारलें. अठरा वर्षांच्या मुलीला एका ऑगस्टांत वसतिगृहाच्या दारीं सोडून आलेल्या बापाला कारण कोठून असणार? त्याला हार लिहितांच येत नाहीं, एवढेंच. तें आम्ही बोललों नाहीं. संघाच्या बचावफळीविषयीं कांहीं तरी पुटपुटलों.

न्यू मेक्सिकोवर ३४–१७ असा विजय मिळाला. नॉर्मनला १३–२४ अशी हार झाली. पोरगा धडपडला, पण उभा राहिला. तो सामना रात्रीं होता. संपल्यावर मास्तरांच्या मोटारखान्यांत दिवा दिसला, म्हणून आम्ही चहाची थर्मास घेऊन निघालों; सौभाग्यवती एरवीं येत नाहींत, त्या रात्रीं चिवड्याचा डबा घेऊन त्याहि आल्या. मास्तर लाल पेन्सिलीनें आमच्या रकान्यांत फुली मारीत होते. गुडघे धरून ते खुर्चींत बसले, तेव्हां सौभाग्यवतींनीं डबा पुढें केला आणि इंग्रजींत विचारलें, "हाऊ डू वी लुक नेक्स्ट वीक?"

मास्तरांनीं चष्मा पुसला आणि पुढच्या शनिवारच्या सेंट्रल मिशिगनविषयीं पाऊण तास बोलत राहिले. सौभाग्यवतींनीं त्यांतलें किती ऐकलें तें ठाऊक नाहीं. त्यांच्या त्या 'वी'चें मराठी काय, हें आम्हीं घरीं येतांना विचारलें नाहीं.

पुढच्या शनिवारीं आपण ६३–३ असे जिंकलों.