आजोबांचे माप

दिवाळी आठवड्यावर आली, की आमच्या कोकणातल्या घरी दोन मापे बाहेर निघत. एक आजीचे आणि एक आजोबांचे. आजीचे माप तांदळाचे. अनारशांसाठी घेताना मूठभर इकडेतिकडे झाले, तर ती म्हणे, “खाणारी तोंडे घरचीच आहेत.” आजोबांचे माप बंदुकीच्या दारूचे. त्यात चिमूटभर फरक झालेला त्यांना खपत नसे. तिथली चूक भोगणारी माणसेही घरचीच होती, हे मात्र मला उशिरा उमगले.

आमची दुनळी पणजोबांनी घेतलेली, बर्मिंगहॅमची. तिचे घोडे बाहेरच्या अंगाला होते आणि नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी होती. ती कोणी कोरलेली नव्हती. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून आणि ठोकून अशी नळी घडवीत. सांधे जुळता जुळता नक्षी आपोआप उमटे. अशा नळ्यांना दमास्कसच्या नळ्या म्हणतात.

भात कापणीला आले, की रानडुकरे शेतात उतरत. त्यांच्यासाठी काडतुसे लागत आणि आजोबा ती घरीच भरीत. उडवलेली पितळी काडतुसे धुऊन-पुसून ठेवलेली असत. त्यांना नवी टोपी बसवायची, मापाने काळी दारू घालायची, वर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याची जाड चकती, मग छर्रे, पुन्हा एक चकती आणि कडेने मेण. हे सारे पडवीत, भर उजेडात चाले. आसपास विडी नाही, दिवा नाही. दारू आणि छर्रे दोन्ही ते जरा हात राखूनच घालीत. “बंदूक म्हातारी झाली आहे. तिला तरुणाचं जेवण वाढू नये,” असे ते म्हणत.

मुंबईच्या काकांना ह्याचे हसू येई. एका दिवाळीला त्यांनी नव्या, तेज काडतुसांची पेटी भेट आणली. आजोबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, काकांचे कौतुक केले आणि पेटी कपाटात ठेवून कुलूप लावले. ते कुलूप त्या पेटीसाठी पुन्हा कधी उघडले नाही.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, साल १९५८. नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडले, की आजोबा अंगणात जाऊन एक बार आभाळात काढीत. पलीकडच्या वाडीतही एक बंदूक होती. तिचा आवाज आमच्या बंदुकीहून मोठा. “तुमची बंदूक नुसती खोकते!” असे त्या वाडीतली पोरे शाळेत मला चिडवीत. ते माझ्या फार मनाला लागले होते.

त्या दिवशी पंचवीस काडतुसांत दारू घालून झाली होती. तेवढ्यात बेड्यापाशी कोणी हाक मारली आणि आजोबा उठून गेले. मी माप उचलले आणि एका काडतुसात आणखी एक माप ओतले. वाटले, हेच नेमके दिवाळीला निघाले, तर वाडीला कळेल!

आजोबा परत आले. त्यांच्याजवळ खाच पाडलेली एक काडी असे. ती ते प्रत्येक काडतुसात उभी धरून दारूची उंची बघत. सतराव्या-अठराव्या काडतुसाशी त्यांचा हात थांबला. काडीची खाच वर राहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चकत्या मोजू लागलो.

ते रागावले नाहीत. एकामागून एक पंचवीसही काडतुसे त्यांनी डब्यात पुन्हा रिकामी केली. तोवर ऊन ओसरले. सगळे काम दुसऱ्या दिवसावर गेले. आजोबा एवढेच म्हणाले, “मी जागेवरून उठायला नको होतं.”

रात्री मला झोप येईना. उठून त्यांच्या खाटेशी गेलो. “आजोबा, ती दारू मी घातली.”

“ठाऊक आहे. तुझी बोटं काळी झाली होती.”

“मग सगळी का रिकामी केलीत? चूक तर एकातच होती.”

“एकात सापडली. बाकीच्यांवरचा माझा विश्वास उडाला, त्याला काय करू?” मग थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “नळी फाटली असती, तर माझा डावा हात गेला असता. तो नळीखाली असतो. आणि तू बार ऐकायला माझ्या डाव्या अंगालाच उभा असतोस.”

त्यांच्या म्हाताऱ्या बंदुकीचे शास्त्र मला पुढे नोकरीत असताना कळले. बर्मिंगहॅमला १८१३ पासून बंदुका पारखण्याचे घर आहे. तिथे नेहमीपेक्षा जबर बार उडवून नळीची परीक्षा घेतात आणि टिकली तर ठसा मारतात. आमच्या नळीवरचा ठसा काळ्या दारूपुरताच होता. बिनधुराच्या दारूची पारख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. शिवाय आमच्या बंदुकीचे घर अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचे. काकांची काडतुसे ७० मिलिमीटरची. गंमत अशी, की असे काडतूस आत मुकाट्याने जाते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडताना ते तोंड उलगडते, पुढच्या निमुळत्या जागेत अडते आणि दाब भलताच वाढतो. इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक आजही जुन्या दुनळ्यांसाठी कमी दाबाची काडतुसे भरतात. पण आधी नळीची जाडी मोजून घेतात. कमी दाबाचा बार दुबळाच असतो असेही नाही. छर्रे हलके केले, की वेग राखता येतो.

आजोबा गेल्यावर वडिलांनी बंदूक सरकारात जमा केली. काकांची न फोडलेली पेटीही तिच्याबरोबर गेली. माप तेवढे माझ्याकडे राहिले.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ते नातवाच्या हाती लागले. त्याने विचारले, म्हणून मी त्याला पंचवीस काडतुसांची ही हकिकत सांगितली. ऐकता ऐकता तो माझ्या डाव्या बाजूचा उठला आणि उजवीकडे येऊन बसला.