निळा पडदा आणि मागचा बाक

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नातू पुण्याहून सुट्टीला आला होता. वय वर्षे अकरा. नागपुरात पारा 45 च्या घरात, त्यामुळे दुपारी बाहेर पडायची सोयच नाही. खोलीत कूलर घरघरतोय आणि साहेब माझ्या संगणकापुढे! कीबोर्ड बडवण्यापेक्षा बरं, म्हणून बर्डीवरून त्याला एक गेम कंट्रोलर आणून दिला. स्वस्तातलाच होता, पण स्वारी खूश.

चार दिवसांनी संगणक बंद पडायला लागला. एकदम निळा पडदा, त्यावर रडकं तोंड, खाली इंग्रजीत दोन-तीन ओळी, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसातून तीनदा, चारदा. माझा अर्धा लिहून झालेला एक लेखही त्यात गेला. मी तडकलोच.

"काय डाउनलोड केलंस?"

"आबा, मी काहीच नाही केलं."

"मग काय आपोआप झालं?"

तो काही बोलला नाही. कंट्रोलर डब्यात ठेवला आणि राहिलेले सहा दिवस संगणकाकडे फिरकला नाही. त्या सहा दिवसांत निळा पडदा एकदाही आला नाही. म्हटलं, बघा, माझा संशय बरोबर होता!

तो गेल्यावर घर रिकामं वाटायला लागलं. एका दुपारी मीच तो कंट्रोलर काढून जोडला. पाचच मिनिटांत निळा पडदा! खेळ सुरू नव्हता आणि नातू तर पुण्यात. ऊन म्हणावं, तर त्या सहा दिवसांतही ते तेवढंच होतं. म्हणजे गडबड कंट्रोलरशीच संबंधित होती.

यावेळी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून ठेवला. 'व्हॉट फेल्ड' या शब्दांपुढे एका फाइलचं नाव होतं, शेवटी 'सिस' ही अक्षरं. ती ड्रायव्हरची फाइल. मग विंडोजमधला 'रिलायबिलिटी हिस्टरी' नावाचा तक्ता उघडला. त्यात संगणकाची रोजनिशीच असते. कधी काय बसवलं, कधी काय बिघडलं, सगळं तारीखवार. बिघाडाच्या दिवशी लाल फुली. पहिली फुली ज्या दिवशी होती, त्याच दिवशी कंट्रोलरचा ड्रायव्हर बसवल्याची नोंद. वेळ सकाळी 10 वाजून 20 मिनिटे.

त्या वेळी नातू आजीबरोबर भाजी आणायला गेला होता. ड्रायव्हर बसवला होता मी! डब्यात एक सीडी होती. कंट्रोलर तिच्याशिवाय चालत होता, नातू म्हणालाही होता की आबा, तिची गरज नाही. पण डब्यात दिली आहे तर वापरलीच पाहिजे, हा माझा मास्तरी खाक्या.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि जोडलेलं उपकरण यांच्यातला दुभाषा. साधा प्रोग्राम चुकला तर तेवढाच बंद पडतो, जसा एका वर्गात गोंधळ झाला तरी शेजारचा वर्ग चालू राहतो. पण अनेक ड्रायव्हर संगणकाच्या अगदी गाभ्यात काम करतात. ते शाळेच्या शिपायासारखे, घंटा त्यांच्या हातात. एक चुकीची घंटा झाली की सगळी शाळा सुटते. अशा वेळी माहितीची नासाडी होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच थांबतं. तोच निळा पडदा. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे तिचा असाच गाभ्यातला ड्रायव्हर चुकला आणि जगभरातले सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची पाळी आली होती.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कंट्रोलर 'अनइन्स्टॉल' केला आणि ड्रायव्हरही पुसून टाकण्याच्या चौकटीत खूण केली. संगणक पुन्हा सुरू करून कंट्रोलर जोडला. विंडोजने स्वतःजवळचा साधा ड्रायव्हर लावला. आता हाताला हादरे तेवढे बसत नाहीत, बाकी सगळं सुरळीत.

संगणक सुधारला, पण मला चैन पडेना. इतकी वर्षं शाळेत शिकवलं. काही मोडलं की "कोणी केलं?" असं विचारायचो, आणि उत्तराआधीच नजर मागच्या बाकाकडे जायची. त्यातली किती पोरं खरोखर निर्दोष असतील? तिथे तपासायला तारीखवार तक्ता नव्हता. आणि असता तरी मी उघडला असता का, कोण जाणे.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. म्हटलं, "बाळा, चूक माझी होती. ती सीडी मीच घातली होती. तुला उगाच रागावलो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "आबा, मग आता कंट्रोलर चालतो का?"

"चालतो."

"मग दिवाळीत येतो."

असो. सीडी मी कचऱ्यात टाकली. कंट्रोलर पुसून, डब्यात घालून ठेवला आहे.