सदरहून महादेवाच्या वाटेने

युरोपात कडाक्याची थंडी पडली की तिकडची पेन्शनीतली जोडपी एक मोठी गाडी घेऊन घराबाहेर पडतात. गाडीतच बिछाना, गाडीतच शेगडी, गाडीतच मोरी. निघतात ती पोर्तुगालच्या दक्षिणेला, अल्गार्व्ह प्रांतात जाऊन थांबतात. तिथे समुद्र आहे, भर हिवाळ्यात ऊन आहे आणि मुख्य म्हणजे संत्र्यांच्या बागा आहेत. त्यांचे संत्रे आपल्यासारखे सैल सालीचे नाही, मोसंबीसारखे घट्ट सालीचे. ओळखीच्यांच्या गाड्या शेजारीशेजारी लावायच्या, एकत्र जेवायचे आणि थंडी सरली की घरी परतायचे.

नवल वाटते ना? पण आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसरे काय केले? विदर्भातल्या बैलगाड्या पचमढीच्या महादेवाला निघत, तेव्हा गाडीत पीठ-मीठ, अंथरूण आणि बैलांचा चारा असे. चार घरच्या गाड्या संगतीने चालत. पाणी दिसेल तिथे मुक्काम, तीन दगडांची चूल. चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही, मधल्या काळात विसरलो एवढेच.

गेल्या जानेवारीत आम्ही चार कुटुंबांनी तीच वाट पुन्हा धरली. आंबिया बहार उतरला होता, गव्हाला पाणी देऊन झाले होते. गुरे भावकीवर सोपवली, बारा आसनांची गाडी भाड्याने ठरवली आणि नागपूरच्या सदरमध्ये सगळे जमलो. छिंदवाड्याचा रस्ता इथूनच धरायचा. रेसिडेन्सी रोडवर बॅटरीचे सेल, दोरी, पाण्याचे डबे असे राहिलेले सामान घेतले आणि मानकापूर, कोराडी मागे टाकून सावनेर गाठले. इथून उजवीकडे सौंसरची वाट. राज्य मध्य प्रदेश, पण बोली आपलीच आणि बागाही आपल्यासारख्याच. सौंसर २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. जवळच जामसावळीला निजलेल्या मारुतीचे दर्शन घेतले. पुढे सिल्लेवानीचा घाट चढला की हवा बदलते आणि सातपुडा सुरू होतो.

वाटेत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. जिथे चहाला थांबावे, तिथे आमचे एक मित्र "मला नको" म्हणून गाडीतच बसत. वहिनीही उतरत नसत. पोट बिघडले असेल, असे आम्हाला वाटले.

छिंदवाडा, परासिया करीत संध्याकाळी तामियाला पोचलो. कड्यावर उभे राहिले की खाली डोंगरांच्या रांगांमागून रांगा दिसतात. एका ओळखीच्या अंगणात गाडी लावली. बायका-मुले गाडीत निजली, आम्ही तंबूत. थंडी अशी की झोप येईना. तेव्हा ते मित्र बोलले. अर्ध्यावर फळ गळाले होते. वर्गणीचे पैसे त्यांनी उसने आणले होते.

"आधी का नाही सांगितले?"

"सांगितले असते तर माझा वाटा तुम्ही भरला असता. मग मी आलोच नसतो."

कोणाला काही सुचेना. सकाळी हे बायकांच्या कानावर गेले. आमच्यातल्या थोरल्या वहिनींनी विचारले, "कालपासून भाकरी खाता, ती ज्वारी कोणाची? तुरीची डाळ कोणाची?" दोन्ही त्याच मित्राच्या घरची होती. आम्ही ते हिशेबात धरलेच नव्हते! वही काढली आणि सगळ्यांचे सामान बाजारभावाने मांडले. त्यांचेच पैसे परत निघाले. त्या सकाळी त्यांनी दोन कप चहा घेतला.

मग पाताळकोट पाहिला. हजारेक फूट खोल दरीत भारिया आदिवासींची गावे आहेत. मका, कोदो, कुटकी पिकवतात, मोहफुले आणि चारोळी गोळा करतात. तिसऱ्या प्रहरी मटकुलीवरून पचमढीत आलो. दुसऱ्या दिवशी महादेवाच्या गुहेत माथा टेकला. चौरागडाच्या हजारावर पायऱ्या चढलो. वर भक्तांनी वाहिलेल्या त्रिशुळांचा खच पडलेला आहे. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड, सुमारे १३५० मीटर. तिथे आपली गाडी चालत नाही, वनखात्याचा परवाना घेऊन तिथलीच जीप करावी लागते.

तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. जंगलात चूल पेटवू नका आणि मुक्काम करू नका. पोर्तुगालनेही २०२१ साली कायदा करून राखीव निसर्गक्षेत्रात गाडीत निजायला बंदी केली आहे. मुक्काम कोणाच्या अंगणात किंवा धर्मशाळेत, तोही विचारून. घाट दिवसाउजेडी चढा-उतरा. आणि निघण्याआधी वर्गणीचे बोलणे उघड करा. ज्याला रोकड जमेल त्याने रोकड द्यावी, ज्याच्या घरी धान्य असेल त्याने धान्य द्यावे, आणि दोन्ही एकाच वहीत लिहावे.

बैलगाडीच्या यात्रेत हे आपोआप होत असे. प्रत्येकाच्या गाडीतले पीठ सगळ्यांच्या परातीत जाई, म्हणून गरीब शेजारीही महादेवापर्यंत पोचत असे. नाहीतर अडीचशे किलोमीटर शेजारी बसूनही माणूस चहाला खाली उतरत नाही.